टेबलाखालचं स्थळ

"बघ, कसं सुबक लावून ठेवलंय," आप्पा म्हणाले आणि मी दारातच थबकले.

मी फक्त कोरी कॅसेट आणायला बाजारात गेले होते. तेवढ्यात आप्पांनी माझी खोली आवरली होती. आप्पा सांगलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. जगात त्यांच्या डोळ्यांत दोनच गोष्टी खुपायच्या, भिंतीवरची वाकडी तसबीर आणि लोंबणारी वायर. माझ्या खोलीत तसबीर नव्हती. वायरी मात्र इतक्या होत्या, की आई केर काढताना आधी देवाचं नाव घ्यायची.

खोलीत एक कॉम्प्युटर होता आणि तीन सिंथेसायझर. तेव्हा आमच्याकडे अशा कुठल्याही वाद्याला लोक सरसकट 'कॅसिओ' म्हणत. आई त्यांना 'त्या तिघी' म्हणायची, म्हणून मीही नावं ठेवली होती, थोरली, मधली, धाकटी. थोरली मामाच्या बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातली, तिची व्हायोलिनं ऐकावीत. मधली माझ्या गाण्याच्या बाईंनी वापरायला दिलेली, तिची बासरी गोड. धाकटी माझी स्वतःची, ढोलकी वाजवण्यात पटाईत. या तिघींना कॉम्प्युटरला जोडायचं आणि एकटीने अख्खा वाद्यवृंद वाजवायचा, हा माझा त्या वर्षीचा ध्यास होता. अठ्ठ्याण्णव साल होतं ते.

"आप्पा, वायरी काढल्या होत्यात?"

"सगळ्या. पुसल्या आणि परत लावल्या."

"परत कुठे लावल्यात?"

"अगं, भोकांवर नावं लिहिलेलीच आहेत. आऊटला आऊट, इनला इन, थ्रूला थ्रू. सारख्याला सारखं. त्यात काय मोठं?"

मी हातातली कॅसेट टेबलावर आपटली. तिघींवर त्यांनी क्रोशाचे रुमालसुद्धा घातले होते.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या शनिवारी पाच वाजता आरवाडे हळदवाले येणार होते. रेडिओवर ते दर आठवड्याचा एक कार्यक्रम सुरू करणार होते आणि त्याची सुरुवातीची धून त्यांनी मला करायला सांगितली होती. त्या धुनेवर माझा आणि आप्पांचा करार ठरला होता. आरवाड्यांना धून पसंत पडली तर वर्षभर आमच्या घरात माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही पडली, तर त्या तिघींचा नाद बंद आणि येईल त्या पहिल्या बऱ्या स्थळाला मी मुकाट्याने हो म्हणायचं. आप्पा शब्दाचे पक्के होते. पंचाईत अशी, की मीही होते.

ते पहिलं बरं स्थळ दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी कऱ्हाडहून यायचं होतं.

रुमाल फेकून मी टेबलाखाली शिरले. साडेतीन वाजले होते. अंगावर जुना पंजाबी ड्रेस, केसांत पेन्सिल. तेवढ्यात बेल वाजली आणि आई धापा टाकत दारात आली.

"अगं, आले!"

"आरवाडे? आत्ताच?"

"आरवाडे नाहीत. कऱ्हाडचे! मिरजेला बारशाला आले होते म्हणे, म्हणाले जाता जाता उरकून घेऊ. ऊठ, साडी नेस!"

"आई, माझ्याकडे साडी नेसायला वेळ नाही."

"मग मी काय सांगू त्यांना?"

"मुलगी टेबलाखाली आहे म्हणून सांग."

आईने कपाळावर हात मारून घेतला. पण माझी आई खोटं बोलायला कच्ची होती. तिने बाहेर जाऊन खरोखर तेच सांगितलं.

मिनिटभरात माझ्या खोलीच्या दारात तिघं उभे होते. पुढे बापूकाका, मुलाचे काका. त्यांनीच हे स्थळ आणलं होतं. त्यांच्यामागे विमलताई रेठरेकर, मुलाची आई. धुवट कॉटनची साडी, खांद्याला पर्स आणि जाड काचांचा चष्मा. सगळ्यांत मागे मुलगा, मुकुंद, साखर कारखान्यात केमिस्ट. तो दाराच्या चौकटीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मुलगी बघायला आलेला मुलगा खाली मान घालून उभा, आणि मुलगी जमिनीवर लोळत त्याच्याकडे बघत होती. मला हसू आवरेना.

"नमस्कार," मी टेबलाखालूनच म्हटलं. "राग मानू नका. पाच वाजता एक माणूस यायचाय आणि हे चालू झालं नाही तर माझं काही खरं नाही."

"असूं दे, असूं दे," बापूकाका म्हणाले. "पोरीला काय येतं, ते तरी बघूया. गाणं म्हणतीस का?"

"म्हणत नाही काका. वाजवते. आत्ता तेही बंद आहे."

विमलताई मात्र टेबलामागे गेल्या, वाकल्या आणि वायरींकडे बघत राहिल्या. मग चष्मा नाकावर घट्ट बसवून म्हणाल्या, "हे कुणी जोडलं हो?"

"मी," आप्पा अभिमानाने म्हणाले.

"तोंडाला तोंड लावलंय तुम्ही."

"म्हणजे?"

"आऊट म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड, इन म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. दोन तोंडं समोरासमोर आणि दोन कान समोरासमोर. कोण बोलणार आणि कोण ऐकणार? होय ना गं?"

मी टेबलाखालून मान बाहेर काढली. "तुम्हाला कसं माहीत?"

"कऱ्हाडच्या टेलिफोन एक्स्चेंजात उभा जन्म गेला माझा. हिची दोरी तिच्या भोकात, तिची दोरी हिच्या भोकात. आधी सगळं हातानंच होतं." त्यांनी पर्स आईच्या हातात दिली आणि पदर खोचला. "सरक जरा. या थ्रूचं काय काम?"

"एकीने ऐकलेलं जसंच्या तसं पुढे पाठवायचं. कॉम्प्युटर थोरलीला सांगणार, थोरली थ्रूमधून मधलीला, मधली धाकटीला."

"हां! म्हणजे आमच्याकडं पुण्याचा फोन साताऱ्यावरून यायचा तसं. चल, कॉम्प्युटरचं तोंड दाखव."

कॉम्प्युटरचं तोंड म्हणजे साऊंड कार्डाच्या मागचं लांबुळकं भोक. खरं तर ते खेळाची जॉयस्टिक लावण्यासाठी असायचं, पण त्यात एक खास केबल खुपसली की तिच्या दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना मिळायच्या, एक बोलायची आणि एक ऐकायची. त्यांतली बोलणारी पिन मी थोरलीच्या इनमध्ये लावली. पुढचं विमलताईंनी केलं. थोरलीच्या थ्रूमधून मधलीच्या इनमध्ये, मधलीच्या थ्रूमधून धाकटीच्या. त्यांचे हात इतके भराभर चालत होते, की बघत राहावं. आई दारात त्यांची पर्स पोटाशी धरून उभी होती. असला मुलगी बघण्याचा कार्यक्रम तिने बापजन्मात पाहिला नसेल.

मी कॉम्प्युटरवर धून चालू केली आणि एकच गलका झाला. व्हायोलिनची सुरावट थोरलीबरोबर मधलीही वाजवत होती, आणि धाकटी तीच सुरावट ढोलकी, टाळ, झांजा आणि शिट्ट्यांवर वाजवत होती. लग्नाची वरात बोळात अडकावी तसा आवाज होता. बापूकाका कानांवर हात ठेवून ओरडले, "हीच का ती धून?"

"नाही हो काका! आप्पांनी वीज बंद करून परत चालू केली, त्यामुळे तिघी सगळंच ऐकायला लागल्यात."

"म्हणजे एका लाइनवर सगळं गाव," विमलताई म्हणाल्या. "प्रत्येकीला आपापला नंबर दे. आपला नंबर आला तरच उचलायचं."

त्यालाच चॅनेल म्हणतात. कधीपासून मी हे आप्पांना समजावत होते आणि या बाईंनी ते एका वाक्यात सांगितलं. मला त्या इतक्या आवडल्या, की उठून मिठी मारावीशी वाटली. हात काळे होते म्हणून राहिले. थोरलीला एक नंबर दिला, मधलीला दोन, धाकटीला ढोलकीचा ठरलेला दहा.

पुन्हा धून लावली. व्हायोलिनं आली, ढोलकी आली, अंगावर काटा आला. मग बासरी आली आणि सगळ्यांच्या दाढा शिवशिवल्या. बासरी भलत्याच पट्टीत वाजत होती.

"कॉम्प्युटर बेसूर हाय तुमचा," बापूकाका म्हणाले.

मी मधलीवरच्या छोट्या स्क्रीनकडे पाहिलं. तिचे सूर तीन घरं वर चढवलेले होते. मी वळून बघितलं, तर बापूकाका छताकडे बघत होते.

"भाऊजी," विमलताई म्हणाल्या, "हात कुठं लावलात?"

"जरासं बघितलं वाजवून. भजनात आपली पट्टी काळी दोन. म्हटलं, बटणावर मिळतीय, तर लावून ठेवू."

"तुम्ही बाहेर बसा. पेपर वाचा."

काका बाहेर गेले. मी मधलीला तिच्या जागेवर आणलं. पुन्हा धून, आणि या वेळी ती माझ्या डोक्यात होती तशीच वाजली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांची बोटं गजावर ठेका धरत होती. मी आनंदाने टेबलावर हात आपटला.

तो आपटायला नको होता. टेबलाखाली कॉम्प्युटरमागची केबल सरकली आणि व्हायोलिनचा एक सूर सुरू झाला तो थांबेचना. बाकी सगळं गप्प, आणि तो एकटा सूर घरभर. मी थोरलीचं बटण बंद केलं तेव्हा कुठे शांतता झाली.

त्या केबलचे दोन्ही स्क्रू कधीच हरवले होते. इतके दिवस ती भिंतीला टेकून तग धरून होती. आप्पांनी आवरताना टेबल पुढे ओढलं आणि तिचा आधारच गेला. चिकटपट्टी लावली, ती वजनाने सुटली. दोरा बांधला, तोही सुटला. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. आरवाडे पाचाच्या आधीच आले होते.

"मी धरतो," मुकुंद म्हणाला.

आल्यापासून तो बोललेलं हे पहिलं वाक्य. कुणी काही म्हणायच्या आत तो इस्त्रीच्या पँटसकट टेबलाखाली गेला. आप्पा आणि आई आरवाड्यांना बसवायला बाहेर धावले, विमलताई त्यांच्यामागे. पाहुण्यांसाठी केलेले पोहे आईने आरवाड्यांपुढे ठेवले, ते मला खोलीत ऐकू आलं.

मी थोरलीला परत चालू करून तिचा एक नंबर पुन्हा दिला, टेप डेक तयार केला, कोरी कॅसेट घातली आणि वाकून बघितलं. तो पाय पोटाशी घेऊन, मान वाकडी करून बसला होता. दोन्ही हातांनी केबल दाबून धरली होती. टेबलाखालच्या कोपऱ्यात आप्पांचा झाडू पोचला नव्हता, त्याच्या केसांना जळमट लागलं होतं.

"धरलंय," तो म्हणाला.

"अजिबात हलायचं नाही हं."

"हललं तर आवाज जाईल?"

"तेवढं झालं तर बरं. या वायरीतून आवाज जातच नाही, नुसते हुकूम जातात. हा सूर दाब, हा सूर सोड. दाबायचा हुकूम पोचला आणि सोडायचा पोचला नाही, तर तो सूर वाजतच राहतो. मघाशी ऐकलात ना? सोड म्हटल्याशिवाय सोडत नाही."

"बिचारा," तो म्हणाला.

मला हसू आलं. मग त्याने विचारलं, "आणि हे नीट जमलं तर?"

काहीतरी थातूरमातूर सांगता आलं असतं. पण जळमट लावून माझ्या टेबलाखाली बसलेल्या माणसाशी खोटं कसं बोलायचं? "जमलं तर वर्षभर मला लग्न करावं लागणार नाही. आप्पांशी तसं ठरलंय."

त्याने हातातल्या केबलकडे पाहिलं.

"आणि नाही जमलं तर?"

"येईल त्या पहिल्या बऱ्या स्थळाला हो म्हणायचं."

"आज आम्ही आलोय."

"हो."

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे मी नुसता शिंकलो तरी..."

"हो," मी म्हटलं. हे याला सांगून बसले, माझ्यासारखी शहाणी मीच, असं वाटलं.

"बरं," मुकुंद म्हणाला. "करा सुरू."

मी टेप चालू केला आणि मग धून. बाहेर आईने सगळ्यांना 'शूऽऽ' केलं. खरं म्हणजे खोलीत माइकच नव्हता. तिघींचा आवाज दुसऱ्या, आवाजाच्या वायरींतून थेट कॅसेटवर जात होता, बाहेर बँड वाजला असता तरी काही बिघडलं नसतं. तरी आईने कुकरखालचा गॅस बंद केला, आणि बापूकाकांनी पेपरचं पान उलटायचं अर्ध्यात थांबवलं, असं नंतर कळलं. मला ती सगळी शांतता फार आवडली.

व्हायोलिनं संपून ढोलकी सुरू झाली तेव्हा मी खाली वाकले. मुकुंदचे डोळे मिटलेले होते आणि नाक थरथरत होतं. जळमटाचा एक धागा बरोबर नाकपुडीवर आला होता. त्याला शिंक येत होती. त्याचे दोन्ही हात केबलवर. मी हात पुढे केला, पण टेबलाचा पाय मध्ये आला, माझा हात पोचेना. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. बासरी आली. तो श्वास रोखून बसला होता आणि मीही. एक शिंक, आणि मुलगी त्याची होती. त्याने ओठ दाताखाली धरले आणि टेबलाच्या पायाला कपाळ टेकवलं. धून संपली. शेवटचा सूर त्याच्या वेळेला सुटला.

मी कॅसेट काढली आणि बाहेर पळाले.

आरवाड्यांनी दोनदा ऐकली. पहिल्यांदा पोहे खाता खाता. दुसऱ्यांदा बशी खाली ठेवून, डोळे मिटून. मग म्हणाले, "ताई, बासरी आली ना, तिथं मला आमचं हळदीचं शेत दिसलं. अशाच अजून करा. कार्यक्रमात मधे मधे लागतील." कॅसेट खिशात घालून ते स्कूटरवर निघूनसुद्धा गेले.

मग काय विचारता! आईने माझ्या तोंडात साखर कोंबली. विमलताईंनी माझी पाठ थोपटली. मी नाचत होते, अगदी खरोखर, पाहुण्यांसमोर. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता, अभिमान आणि पंचाईत, दोन्ही एकदम. त्यांनी घसा साफ केला आणि हात जोडून विमलताईंसमोर उभे राहिले.

"माफ करा. आमच्या दोघांचा एक करार होता. हिची धून पसंत पडली तर वर्षभर या घरात लग्नाचं नाव काढायचं नाही. शब्द म्हणजे शब्द. तुम्हाला उगीच तसदी झाली."

बापूकाकांचा आ वासला. विमलताई मात्र खळखळून हसल्या. "म्हणजे आमच्याच हातानं आम्ही स्थळ घालवलं की! असूं दे. पोरगी गुणाची आहे. पोहे तरी द्या." आणि मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "मुकुंद कुठाय?"

मी खोलीकडे धावले, बाकीचे माझ्यामागे. टेबलाखाली तो तसाच होता. पाय पोटाशी, मान वाकडी, दोन्ही हात केबलवर. धून संपल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे ती संपलेली त्यालाही ऐकू आली असणारच. पण मी 'सोडा' म्हटलं नव्हतं.

"जमलं?" त्याने विचारलं.

"जमलं."

"अभिनंदन," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. "मग सोडू का?"

मागे आप्पा होते, आई होती, त्याची आई होती, काका होते. वर्षभराची सुटका मी नुकतीच मिळवली होती, ती त्याच्याच हातांनी. मला नाचायचं होतं, रडायचं होतं आणि त्याच्या केसांतलं ते जळमट काढायचं होतं.

"नको," मी म्हटलं.

मग बापूकाका हळूच म्हणाले, "वहिनी, याचा अर्थ काय समजायचा आम्ही?"

"लाइन लागली," विमलताई म्हणाल्या. "चला बाहेर. लाइन लागल्यावर ऑपरेटरनं ऐकत बसायचं नसतं."

आणि मग मुकुंद शिंकला. एकामागून एक इतक्या शिंका, की आई हळदीचं दूध करायला धावली.

आप्पांनी मात्र घात केला. शब्द म्हणजे शब्द. वर्षभर लग्नाचं नाव काढायचं नाही म्हणजे नाही. मी विनवण्या केल्या, आईने अबोला धरला, विमलताईंनी कऱ्हाडहून फोन केले, पण आप्पा हलले नाहीत. आईला 'ते कार्य' असं म्हणावं लागायचं, आणि तेही आप्पा घरात नसताना.

त्या वर्षात दर रविवारी सकाळच्या एस.टी.ने मुकुंद सांगलीला यायचा. आरवाड्यांच्या नव्या धुना असायच्या, केबल धरायला माणूस हवाच होता. आप्पा दार उघडून म्हणायचे, "केबलवाले आले," आणि पेपर घेऊन अंगणात जाऊन बसायचे.

दुसऱ्याच महिन्यात मी नवी केबल आणली होती, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. ते पिळून घट्ट बसवले आणि त्याला काही बोलले नाही. रविवारी तो नेहमीसारखा टेबलाखाली गेला. बराच वेळ खालून काही आवाज आला नाही.

"धरलंत?" मी विचारलं.

"धरलं," तो म्हणाला. "आज फारच सैल आहे. दोन्ही हात लागतील."

मी धून सुरू केली.